डाल्झेलने दिलेले गेंदाचे नाव नेमके कोणत्या शीटला बांधावे?

प्रश्न : कातळफूल, खानापूर

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीपासून कणकुंबी आणि चोर्ल्यापर्यंत जांभ्याच्या पठारांवर पावसाळ्यात जे गेंद फुलतात, त्यांच्या, म्हणजे एरिओकॉलॉन या प्रजातीच्या, वर्गीकरणावर मी पीएच.डी.चे काम करीत आहे. एका जातीच्या नावापाशी काम अडले आहे, आणि मार्गदर्शक सरांच्या सूचनेवरूनच हा प्रश्न येथे मांडत आहे. काम अद्याप छापून आलेले नसल्यामुळे जातीचे नाव आणि पठाराचा ठावठिकाणा मुद्दाम देत नाही, याबद्दल गैरसमज नसावा.

हे नाव निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांनी दिलेले आहे. पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेल्या डाल्झेलनी १८५० ते १८५२ या काळात हूकरच्या नियतकालिकातून पश्चिम भारतातील वनस्पतींवर जी लेखमाला लिहिली, तिच्यात या जातीचे मूळ वर्णन आहे. ते लॅटिनमध्ये असून अवघ्या काही ओळींचे आहे. त्यात मुंडक्याचा आकार, छदांचा (मुंडक्यातील खवल्यांसारख्या पानांचा) रंग आणि पानांची लांबी यांचा उल्लेख आहे. बियांविषयी मात्र अवाक्षर नाही. नमुना कोणत्या संग्रहात ठेवला, त्याचा क्रमांक काय, तो कोणत्या तारखेला गोळा केला, यांपैकी काहीही सांगितलेले नाही. ठिकाण म्हणून फक्त कोकण एवढेच म्हटले आहे.

माझ्यापुढे आज तीन शीटांची, म्हणजे वाळवलेले नमुने चिकटवलेल्या कागदांची, छायाचित्रे आहेत. पहिले शीट लंडनच्या क्यू उद्यानातील वनस्पतिसंग्रहाचे असून त्यावर हाताने ‘कोंकण, डाल्झेल’ असे लिहिलेले आहे. त्याच कागदावर ‘हर्बेरियम हूकरिएनम १८६७’ असा शिक्का आहे, तीन लहान ठोंब चिकटवलेले आहेत, आणि उजव्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने मादीफुलाचे रेखाटन केलेले आहे. दुसरे शीटही क्यूचेच आहे. त्यावर ‘मलबार, कोंकण इत्यादी’ आणि खाली ‘संग्राहक स्टॉक्स, लॉ इत्यादी’ अशी छापील चिठ्ठी आहे. तिसरे शीट एडिंबराचे आहे. ते डॉ. रिची यांनी बेळगावला गोळा केलेले असून त्यावर संग्रहाचा क्रमांक आणि १८५३ हे साल स्पष्ट आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनग्रंथात, या जातीखाली ‘बेळगाव, रिची’ असे लिहून पुढे उद्गारचिन्ह दिलेले आहे, म्हणजे तो नमुना त्यांनी स्वतः पाहिला होता.

खरी अडचण पुढे आहे. आमच्या भागात या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती प्रत्यक्षात दोन आहेत, असे मला दिसते. पठारावरच्या वनस्पतीच्या मादीफुलाला तीन निदले (फुलाची सर्वांत बाहेरची दले) असतात आणि तिच्या बियांच्या सालीवर काटेरी उंचवटे दिसतात. भातखाचरांच्या कडेने आणि ओहोळात येणाऱ्या वनस्पतीला दोनच निदले असतात आणि तिचे बी जवळजवळ गुळगुळीत असते. रिचींचे शीट निःसंशय पठारावरच्या वनस्पतीचे आहे, आणि कुकपासून आजवर बेळगाव भागात डाल्झेलचे नाव याच वनस्पतीला लावले गेले आहे. डाल्झेलच्या शीटावरची मुंडकी मात्र छायाचित्रात कोवळी दिसतात, आणि पेन्सिलीच्या रेखाटनात निदले दोनच काढलेली आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. ज्या नमुन्याशी नाव कायमचे बांधले जाते तो टाइप; मूळ लेखकाने तो नेमलेला नसेल तर नंतर निवडतात तो लेक्टोटाइप. असा लेक्टोटाइप म्हणून रिचींचे शीट निवडता येईल का? ते उत्तम स्थितीत आहे, त्याला क्रमांक आहे, साल आहे, नेमके ठिकाण आहे, आणि ते निवडल्यास आमच्याकडे रूढ असलेले नावही बदलावे लागणार नाही. दुसरे असे की, डाल्झेलच्या शीटावर १८६७ हे साल असेल, तर ते मूळ वर्णनानंतरचे धरून बाजूला ठेवावे का?

उत्तर : जुनेकागद, पुणे

आपण शीटांचे तपशील नीट दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण या शिक्क्याने अनेकांना चकवले आहे. ‘हर्बेरियम हूकरिएनम १८६७’ या शिक्क्यातील साल नमुना गोळा केल्याचे नाही. सर विल्यम हूकर १८६५ मध्ये वारल्यानंतर त्यांचा खासगी संग्रह सरकारने विकत घेतला आणि तो क्यूच्या संग्रहात सामील झाला. शिक्का त्या सामीलीकरणाचा आहे. उलट आपल्या दृष्टीने हा शिक्का अनुकूल पुरावा ठरतो. डाल्झेल आपली वर्णने हूकरच्याच नियतकालिकाकडे पाठवीत होते, आणि त्यांच्या अक्षरातला किंवा त्यांच्या नावाचा नमुना हूकरच्या खासगी संग्रहात सापडावा, हे अगदी सुसंगत आहे. क्यूच्या शीटांवर ‘हर्बेरियम बेंथॅमिएनम १८५४’ असाही शिक्का आढळतो. त्याचाही अर्थ बेंथॅम यांचा संग्रह क्यूला मिळाल्याचे साल एवढाच आहे.

आता रिचींच्या शीटाविषयी. ते लेक्टोटाइप होऊ शकत नाही, आणि यात आवडीनिवडीला जागाच नाही. वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली असलेल्या नामसंहितेच्या नवव्या कलमानुसार लेक्टोटाइप निवडायचा तो मूळ साहित्यातून. मूळ साहित्य म्हणजे नाव देणाऱ्याने त्या जातीशी जोडलेले आणि वर्णन तयार होत असताना किंवा त्याआधी उपलब्ध असलेले नमुने व चित्रे. डाल्झेलचे वर्णन छापून झाले ते १८५२ पर्यंत. रिचींनी हा नमुना गोळा केला १८५३ मध्ये. जो नमुना तेव्हा पठारावर उगवलेलादेखील नव्हता, तो डाल्झेलने पाहून वर्णन केले असे कोणीही म्हणू शकणार नाही. मूळ साहित्यातले काहीच शिल्लक नाही असे ठरले असते, तर नियोटाइप, म्हणजे बदली टाइप, म्हणून रिचींच्या शीटाचा विचार झाला असता. क्यूला डाल्झेलचा नमुना हयात असताना नियोटाइप करता येत नाही, आणि केला तरी तो टिकत नाही.

शीट सुंदर आहे, पूर्ण आहे, ठिकाण नेमके आहे, हे सगळे मान्य. पण टाइपचे काम नमुनेदार असणे हे नाही. मोजणीचा दगड शेताच्या मधोमध असावा लागत नाही. हद्द मात्र त्याच्यापासूनच मोजली जाते. डाल्झेलच्या शीटावरची तीन कोवळी ठोंबे जातीचे चांगले प्रतिनिधित्व करीत नसतील, तरी नाव त्यांच्याशीच बांधलेले आहे, आणि ती ठोंबे ज्या जातीची निघतील त्या जातीकडे ते नाव जाईल.

स्टॉक्स आणि लॉ यांच्या छापील चिठ्ठीचे शीट तूर्त दूर ठेवा. ही चिठ्ठी हूकर (धाकटे) आणि थॉमसन यांनी वाटलेल्या संग्रहाची आहे. तिच्यात ‘इत्यादी’ हा शब्द फार मोठे क्षेत्र व्यापतो; मलबार ते कोकण एवढा पट्टा आणि स्टॉक्स, लॉ व इतर अनेक संग्राहक या एका छापील चिठ्ठीखाली एकत्र आलेले आहेत. त्या ‘इत्यादी’त डाल्झेलचा नमुनाही असू शकतो, नसूही शकतो. डाल्झेलने तो पाहिल्याचा स्वतंत्र पुरावा मिळाल्याखेरीज त्याला मूळ साहित्य म्हणणे धाडसाचे होईल.

शेवटी एक सूचना. क्यूला डाल्झेलचे एकच शीट सापडले, म्हणून त्याला थेट होलोटाइप, म्हणजे नाव देणाऱ्यानेच वापरलेला किंवा नेमलेला एकमेव टाइप, म्हणू नका. नावासोबत टाइप सांगण्याची सक्ती १ जानेवारी १९५८ पासूनची आहे. त्याआधीच्या लेखकाने नेमका एकच नमुना वापरला होता हे सिद्ध होत नसेल, तर दुसरे शीट कोलकात्याच्या किंवा आणखी कोणत्या संग्रहात निघण्याची शक्यता राहतेच. लेक्टोटाइप म्हणून रीतसर निवड जाहीर करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

उत्तर : तंबाखूचे_शेत, निपाणी

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त निवड जाहीर करण्याआधी ती दुसऱ्या कोणी आधीच केलेली नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. निवडीतही अग्रक्रम चालतो, आणि पहिल्याची निवड नियमात बसत असेल तर नंतरच्याला ती पाळावी लागते.

एरिओकॉलॉनच्या बाबतीत चाळायचे साहित्य फार नाही. रूलांट यांचा १९०३ चा प्रबंध, फायसन यांची १९१९ पासून ‘जर्नल ऑफ इंडियन बॉटनी’ या नियतकालिकात आलेली लेखमाला, आणि अन्सारी व बालकृष्णन यांचे भारतातील एरिओकॉलेसी कुळावरचे १९९४ चे पुस्तक ही तीन तरी ओळ अन् ओळ पाहावीत. याशिवाय वेगवेगळ्या जिल्ह्यांचे फ्लोरा आणि विद्यापीठांतील छापून आलेले प्रबंध आहेत. त्यांत कोठेतरी सहज जाता जाता ‘टाइप : कोंकण, डाल्झेल, क्यू’ असे लिहिलेले असण्याची दाट शक्यता असते.

त्या सहज लिहिलेल्या ओळीला किती वजन आहे, हे तिच्या सालावर अवलंबून आहे. १ जानेवारी २००१ पासून निवड करताना ‘लेक्टोटाइप’ ही संज्ञा आणि ‘येथे निवडला’ अशा अर्थाचे शब्द दोन्ही हवेत. नसतील तर निवड झालीच नाही. त्याआधीच्या लेखनाला ही अट नाही. १९९० पासून संग्रहाचे नाव सांगणे मात्र बंधनकारक आहे. म्हणजे समजा १९७५ च्या एखाद्या लेखात ‘टाइप’ हा शब्द वापरून क्यूच्या एका नमुन्याकडे बोट दाखवलेले असेल, तर लेखकाच्या मनात निवड करायची होती की नव्हती हे न विचारता ती निवड धरली जाते. त्याने ‘होलोटाइप’ असे चुकीचे लिहिले असले, तरी ती चूक लेक्टोटाइप अशी दुरुस्त करून वाचता येते. मला स्वतःला ही तरतूद थोडी अन्यायाची वाटते. ज्याने शीट पाहिलेच नाही आणि जुन्या पुस्तकातून ओळ उचलली, त्याचेच नाव पुढे टाइप निवडणारा म्हणून छापत राहावे लागते. पण नियम तसा आहे.

उत्तर : निवृत्त_प्राध्यापक, बेळगाव

हा धागा वाचून आनंद झाला. नियमांविषयी वर दोघांनी सांगितले ते पुरेसे आहे. मी थोडे आपल्या भागाविषयी लिहितो.

‘आमच्याकडे रूढ असलेले नाव बदलावे लागणार नाही’ हे प्रश्नातले वाक्य मला महत्त्वाचे वाटले, कारण हा मोह आपल्याकडे वारंवार होतो. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्या वनस्पतींची जुनी नोंद मुंबई इलाख्याच्या पुस्तकांत आणि पुण्या-मुंबईच्या संग्रहांत आहे. कुकच्या फ्लोरात बेळगावचे नमुने ‘सदर्न मराठा कंट्री’ या भागाखाली येतात आणि त्यांतले कितीतरी रिचींचे आहेत. आपण कुकचे पुस्तक हातात घेऊनच शिकलो, म्हणून कुकने बेळगावच्या ज्या वनस्पतीला जे नाव लावले, ते नाव त्या वनस्पतीचेच असे आपण धरून चाललो. कुकने नाव ओळखले होते, दिले नव्हते. त्याने रिचींचे शीट पाहून ‘हे डाल्झेलचेच’ असा निर्णय केला असेल. तो निर्णय बरोबर असेल किंवा चूक असेल, डाल्झेलच्या नावावर त्याचा काही परिणाम होत नाही.

रूढ नाव जाण्याची भीतीही अवाजवी आहे. आपल्या घाटातला नरक्या घ्या. कॅम्प्टोथेसिन या कर्करोगावरील औषधासाठी लागणाऱ्या द्रव्यामुळे याची इतकी तोड झाली की वनखात्याच्या नाक्यावरच्या माणसालाही ते झाड ठाऊक आहे. आमच्या विद्यार्थिदशेत याचे नाव मॅपिया फिटिडा होते, पुढे नोथापोडायटिस फिटिडा झाले, आणि आता नोथापोडायटिस निम्मोनियाना आहे. कारण एवढेच की जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ च्या मुंबईच्या वनस्पतींच्या यादीत प्रेम्ना निम्मोनियाना या नावाखाली हेच झाड आहे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मॅबर्ली यांनी दाखवून दिले, आणि ते नाव रॉबर्ट वाइट यांनी दिलेल्या ‘फिटिडा’ या नावापेक्षा जुने निघाले. ज्या निम्मोंच्या नावाने ते दिले आहे, त्यांनीच ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर ती यादी पूर्ण केली. व्यापारी अजून जुने नाव लिहितात, संशोधक नवे लिहितात, आणि कोणाचेही काम अडलेले नाही. एका लहानशा गेंदाचे नाव बदलल्याने तर कोणाचेच अडणार नाही.

ज्या नावांवर शेती, औषध किंवा व्यापार अवलंबून आहे, तेथे नाव राखून ठेवण्याचा रीतसर प्रस्ताव ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात मांडता येतो, समिती मत देते, आणि काही वेळा टाइपही बदलून मिळतो. या प्रकरणात तो खटाटोप मला अनाठायी वाटतो.

जुने शीट काय काम करते याचे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. हबर्डिया हेप्टान्यूरॉन हे गवत सेजविक आणि बेल यांनी १९१९ मध्ये गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी गोळा केले, बोर यांनी त्या वाळलेल्या नमुन्यावरून नवी प्रजाती उभी केली, आणि नंतर ते गवत तेथे पुन्हा कोणाला मिळेना म्हणून नामशेष समजले गेले. या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या अभ्यासकांना ते चंदगड तालुक्यातील तिळारी भागात सापडले. हे तेच गवत आहे असे म्हणायला आधार होता तो त्या शीटाचा आणि त्यावर बेतलेल्या वर्णनाचा.

एक व्यवहाराची गोष्ट. आपण जे नवे नमुने गोळा करीत आहात, ते पिकलेल्या बियांसह, म्हणजे पाऊस ओसरल्यावर, पुन्हा घ्या. जुलैत कणकुंबीला टिपकागदच मुळात ओला असतो, त्यामुळे त्या दिवसांत दाबलेल्या गेंदांची मुंडकी काळी पडतात आणि छदांचा रंग, जो डाल्झेलच्या वर्णनात आहे, पुढे कोणालाही पडताळता येत नाही. रद्दी दिवसातून दोनदा बदलावी. बिया वेगळ्या कागदी पाकिटात घालून त्याच शीटावर चिकटवाव्यात. अर्ध्या मिलिमीटरचे बी शीटावर मोकळे राहिले तर दुसऱ्या हाताळणीलाच हरवते. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी बरोबर ठेवा.

प्रश्नकर्ता : कातळफूल, खानापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे जुने साहित्य चाळले. २००१ च्या आधीच्या एका प्रबंधिकेत या नावाखाली ‘टाइप : कोंकण, डाल्झेल, क्यू’ अशी ओळ मिळाली. तेथे शीटाचा क्रमांक किंवा बारकोड अर्थातच नाही. दरम्यान क्यूकडून मोठ्या आकाराचे छायाचित्र आले. त्यात दोन गोष्टी नव्याने दिसल्या. उजवीकडचे ठोंब आणि डावीकडची दोन ठोंबे यांच्यामध्ये पेन्सिलीची एक फिकट रेघ आहे, आणि उजव्या ठोंबाखाली वेगळ्या शाईत ‘गिब्सन’ असे नाव आहे. दुसरे म्हणजे शीटाच्या तळाशी एक घडी घातलेले कागदी पाकीट आहे.

पेन्सिलीचे रेखाटन रेघेच्या उजव्या बाजूला आहे. म्हणजे ज्या दोन निदलांमुळे मी भातखाचरातल्या वनस्पतीचा विचार करीत होतो, ती गिब्सन यांच्या ठोंबाची असण्याची शक्यता आहे. अशा स्थितीत प्रबंधिकेतली निवड टिकते का? आणि टिकली तरी कोवळ्या मुंडक्यांवरून जात ठरत नसेल, तर पुढे काय करावे?

उत्तर : जुनेकागद, पुणे

रेघ सापडली हे फार चांगले झाले. एकोणिसाव्या शतकात कागद वाचवण्यासाठी वेगवेगळ्या संग्राहकांचे नमुने एकाच शीटावर चिकटवण्याची पद्धत सर्रास होती, आणि क्यूच्या शीटांवर अशा रेघा, कंस किंवा अ, ब अशी अक्षरे वारंवार दिसतात. शीट हा साठवणीचा कागद आहे. टाइप असतो तो नमुना, आणि लेक्टोटाइप म्हणून निवडलेल्या नमुन्यात दोन संग्राहकांनी वेगवेगळ्या वेळी गोळा केलेली वनस्पती येऊ शकत नाही. गिब्सन हे डाल्झेलचे सहकारी, दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ काढला, त्यामुळे त्यांचा नमुना डाल्झेलच्या शेजारी येऊन बसणे स्वाभाविक आहे. पण आपल्या जातीचे मूळ वर्णन डाल्झेलच्या नमुन्यावरचे आहे.

प्रबंधिकेतली निवड टिकते, कारण तिच्यात ‘डाल्झेल’ असे स्पष्ट म्हटले आहे. गिब्सन यांचे ठोंब तिच्या कक्षेतच येत नाही. आपण आपल्या लेखात त्या लेखकाला लेक्टोटाइप निवडणारा म्हणून श्रेय द्यावे आणि बारकोड देऊन ‘रेघेच्या डावीकडील दोन ठोंबे’ असे स्पष्ट करावे. क्यूला डाल्झेलचे याच जातीचे आणखी एखादे शीट निघाले, तर ‘दुसऱ्या टप्प्याची निवड’ करून त्यांपैकी नेमके एक ठरवावे लागेल. ती मात्र आपल्या नावाने होईल, आणि त्या वेळी ‘येथे निवडला’ हे शब्द विसरू नयेत.

चिठ्ठीवरचा मजकूर जसा आहे तसा, स्पेलिंग न सुधारता, उद्धृत करावा आणि आजचे ठिकाण चौकटी कंसात द्यावे. ‘कोंकण’ या एका शब्दावरून आपण आजचा कोणताही घाट त्यात बसवू नये.

कोवळ्या मुंडक्यांसाठी संहितेत एपिटाइपची सोय आहे. लेक्टोटाइपवरून जातीची नेमकी ओळख पटत नाही हे दाखवून, त्याला आधार म्हणून दुसरा, पिकलेल्या बियांचा नमुना जोडता येतो. तो कोणत्या लेक्टोटाइपला आधार देतो हे स्पष्ट लिहावे लागते आणि तो कोठे ठेवला हे सांगावे लागते. पण येथेच सावध राहा. एपिटाइप निवडणारा माणूस वस्तुतः नावाचा निर्णय करीत असतो. आपल्या हाताशी बेळगावचा चांगला नमुना आहे म्हणून तो जोडला, तर मघाशी रिचींचे शीट जे करू शकले नाही ते मागच्या दाराने होईल. एपिटाइप शक्यतो कोकणातून घ्यावा, आणि छदांचा रंग, पानांची लांबी, मुंडक्याचा आकार या डाल्झेलने दिलेल्या प्रत्येक लक्षणाशी तो ताडून पाहावा.

त्याच्याही आधी ते कागदी पाकीट. क्यूच्या अभिरक्षकांना पत्र लिहून पाकिटात सुटी पडलेली मुंडकी किंवा बिया आहेत का, आणि असल्यास पाकिटावर कोणाचे नाव आहे, हे विचारा. ठोंबे कोवळी असली तरी पाकिटात एखादे पिकलेले मुंडके अनेकदा मिळते. आपण स्वतः काही सोडवून पाहण्याचा आग्रह धरू नका. टाइप नमुना भिजवण्यास किंवा कापण्यास परवानगी क्वचितच मिळते, आणि जुन्या शीटांवर रसकापराचा, म्हणजे पाऱ्याच्या क्लोराइडचा, लेप असल्यामुळे ती हाताळण्याचे काम तेथील माणसांवर सोडणेच बरे. बीच्या सालीचे छायाचित्र तेच काढून देऊ शकतात. पाकिटात बी मिळाले आणि ते डाल्झेलच्याच नमुन्याचे ठरले, तर एपिटाइपची गरजच उरणार नाही, कारण मग लेक्टोटाइप संदिग्ध राहत नाही.

उत्तर : तंबाखूचे_शेत, निपाणी

एक पुरवणी. बी गुळगुळीत निघाले, म्हणजे डाल्झेलचे नाव भातखाचरातल्या वनस्पतीकडे गेले, तर पठारावरची वनस्पती बिननावाची राहिली असे लगेच समजू नये. एकोणिसाव्या शतकात कर्निके, पुढे धाकटे हूकर, मग रूलांट आणि फायसन यांनी या प्रजातीत दिलेली जी नावे आज डाल्झेलच्या नावाखाली समानार्थी म्हणून दडपली गेली आहेत, त्यांतल्या प्रत्येकाचा टाइप याच रीतीने तपासावा. त्यांतले सर्वांत जुने नाव, ज्याचा टाइप तीन निदलांचा आणि काटेरी बियांचा असेल, ते पठारावरच्या वनस्पतीला मिळेल. रूलांट बर्लिनला काम करीत होते आणि बर्लिनच्या संग्रहाचा मोठा भाग मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्यामुळे त्यांच्या नावांचे टाइप तेथे मिळाले नाहीत, तर त्याच नमुन्यांच्या जोडशीटा अन्य संग्रहांत शोधाव्या लागतील.

त्यांतले एकही नाव जुळले नाही, तरच नवी जात. तेव्हा वर्णन इंग्रजीत चालेल; लॅटिनची सक्ती २०१२ पासून उठली आहे. होलोटाइप मात्र एकच नमुना असावा आणि तो भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा, कारण जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना नियुक्त भांडारात देणे बंधनकारक आहे. जोडशीटा बेळगाव, कोल्हापूर आणि पुणे येथे वाटल्या तर पुढच्या अभ्यासकाला छायाचित्रावर विसंबून राहावे लागणार नाही.

प्रश्नकर्ता : कातळफूल, खानापूर

क्यूला पाकिटाविषयी पत्र पाठवले आहे. सावंतवाडी आणि दोडामार्ग भागातील खाचरे व सडे यांवर बी पिकण्याच्या दिवसांत जाण्याचे मार्गदर्शक सरांनी मान्य केले आहे. तोपर्यंत कर्निके आणि फायसन यांच्या नावांची मूळ वर्णने काढून ठेवतो. त्यांच्या टाइपांपैकी पुण्याच्या किंवा मुंबईच्या ब्लाटर हर्बेरियमच्या संग्रहात कोणी काही पाहिले असल्यास शीटाचा क्रमांक येथे अवश्य कळवावा.